ऐकल्यापासून सुतक

मला पगार मिळतो तो अभद्र बोलण्याचा. माझ्या नोकरीचं हे वर्णन माहेरच्या लोकांनी केलेलं आहे आणि ते अगदीच चूक आहे असं मला म्हणवत नाही. बँकांचे, कारखान्यांचे, इस्पितळांचे लोक समोर बसतात आणि मी त्यांना विचारते, समजा उद्या तुमची इमारत जळली तर? समजा पाणी शिरलं तर? समजा ज्या एकाच माणसाला सगळं ठाऊक आहे तो उद्या आलाच नाही तर? लोक आधी हसतात, मग पाणी मागवतात. त्यानंतर आम्ही बसून ठरवतो की काय बंद पडलं तर काम कुठून चालू ठेवायचं आणि कुणी ठेवायचं. याला बिझनेस कंटिन्युइटी असं भारदस्त नाव आहे. वहिनीला ते नाव पाठ आहे, पण तिला त्याचं कौतुक नाही. "ताई, निदान दिवेलागणीला तरी असलं बोलू नका," ती म्हणते, "वास्तू तथास्तु म्हणते."

माझं सासर नाशिकच्या गंगापूर रोडला आणि माहेर पंचवटीत. माहेरचं काम तीर्थोपाध्यायाचं. लांबलांबून लोक गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, श्राद्धाला, पिंडदानाला येतात, त्यांचे आम्ही पिढीजात गुरुजी. अमक्या गावचे, अमक्या आडनावाचे यजमान अमक्याच घराकडे जाणार, हे फार पूर्वी ठरून गेलेलं आहे आणि ते कुणी ठरवलं हे विचारायचं नसतं. बाबांच्या मागे दादा हे काम बघतो. मी एकदा बोलण्याच्या ओघात त्याला 'तुझा बिझनेस' म्हणाले, तर त्याने दोन दिवस माझा फोन घेतला नाही. वृत्ती म्हणायचं.

या वृत्तीला माझ्या नोकरीची कधी गरज पडेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं. पण दादाचा फोन रामकुंडात पडला. अमेरिकेतले एक यजमान तिकडे रात्री धोतर नेसून, अंगावर पंचा घेऊन कॅमेऱ्यासमोर बसले होते आणि दादा इकडून त्यांचा विधी सांगत होता. "गुरुजी, जरा गंगा दाखवा ना," ते म्हणाले. दादा उत्साही माणूस. तो दाखवायला वाकला आणि यजमानांना गंगा इतकी जवळून दिसली की पुढे काही दिसलंच नाही. फोन निघाला, पण त्याचं पुरतं गंगास्नान झालं होतं. तो तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला. वहिनी रोज विचारायची, भात कशाचा लावू?

त्या फोनमध्ये सगळं होतं. कोण कधी येणार, कुणाची तिथी कोणती, कुणाला गाडी पाठवायची, कुणाला साखर चालत नाही. पुढचे काही आठवडे दादाच्या दारात रोज नवेच लोक उभे राहायचे आणि दादा त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसायचा. एकदा तर एकाच वेळी दोन कुटुंबं आली आणि दोघांनाही दादाने "तुमचीच वाट बघत होतो" असं सांगितलं. वर सिंहस्थ जवळ आलेला. सगळीकडे रस्ते खोदलेले, आज या बाजूने वाट बंद, उद्या त्या बाजूने. मी म्हटलं, आता पुरे. जगाला शहाणपण विकते, घरात एकदा फुकट वापरून बघू.

दादा नाही म्हणाला. मग वहिनी हो म्हणाली आणि विषय संपला.

पहिल्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसले. दादाला विचारलं, पूर आला तर? तो म्हणाला, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की आम्ही सामान आवरायला घेतो, कमरेला लागलं की वर जातो, यात नवीन काय आहे? खरं म्हणजे एवढा चांगला पूर्वइशारा माझ्या कुठल्याच गिऱ्हाइकाकडे नाही. तो मी तसाच्या तसा लिहून घेतला. वर म्हणजे कुठे जायचं ते पक्कं केलं. दर्भ, तीळ, जव यांचा जादा साठा वहिनीच्या माळ्यावर गेला. पिंडाचा भात करणाऱ्या मावशींना दुसऱ्या मावशींचा फोन मागून ठेवला. यजमानांच्या तिथ्या आता क्लाउडवर असतात. वहिनीने माझ्या भाचीकडून समजून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं की आमच्या तिथ्या ढगात असतात, पाऊस पडला तरी भिजत नाहीत. दादा मात्र अजूनही प्रत्येक तिथी आधी तोंडपाठ करतो आणि मगच ढगावर सोडतो.

खरा प्रश्न माणसांचा होता. दादाला काही झालं तर कुणी बसायचं? या भागाचा मला विशेष अभिमान होता. पहिला पर्याय नाशिक रोडचा चुलतभाऊ. तो शाळेत संस्कृत शिकवतो, पण लहानपणापासून बाबांच्या हाताखाली तयार झालेला आहे. दुसरा पर्याय देवळाली कॅम्पातले काका. कॅम्पात फौजी कुटुंबांचे सत्यनारायण सांगून सांगून त्यांचं निम्मं पौरोहित्य आता हिंदीत होतं, पण माणूस पक्का. एक पंचवटीत, एक नाशिक रोडला, एक कॅम्पात. तिघांची घरं एकमेकांपासून लांब, नदी एकाच्याच दाराशी. एका पुरात, एका वाहतूक कोंडीत तिघे सापडणार नाहीत. मोठमोठ्या बँका आपली यंत्रणा अशीच वेगवेगळ्या गावांत ठेवतात. मी दादाला हे समजावून सांगितलं तेव्हा त्यालाही पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाचं बरं वाटलं.

मग मी तालीम ठरवली. कागद नुसता लिहून उपयोग नसतो, तो चालवून बघावा लागतो. एका बिनगर्दीच्या सकाळी मी जाहीर केलं की दादा आजारी आहे. दादा त्या वेळी पोहे खात होता.

"काय झालंय मला?"

"काहीही समज. ताप."

"मग मी पोहे कसे खातोय?"

"ताई, खोटं आजारपण नका हो मागे लावू," वहिनी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. शेवटी दादा बाहेरगावी गेला आहे यावर तडजोड झाली.

नाशिक रोडच्या चुलतभावाला फोन गेला. तो स्कूटरवर निघाला आणि द्वारकेच्या चौकात अडकला, ते बराच वेळ अडकला. खोटं श्राद्ध काही करता येत नाही, म्हणून साधं गंगापूजन ठरवलं होतं आणि यजमान म्हणून माझ्या नवऱ्याला पाटावर बसवलं होतं. तो बिचारा रजा टाकून आला होता आणि वाट बघता बघता त्याने दोन वडापाव खाल्ले. चुलतभाऊ एकदाचा आला, घाईघाईने सुरुवात केली, तोच बाहेरगावी गेलेला माणूस खांबाआडून ओरडला, "अरे, आचमन राहिलं!" तालीम तरीही यशस्वी झाली असं मी मानते. आमच्या क्षेत्रात याहून वाईट तालमी यशस्वी ठरल्या आहेत.

शेवटची गोष्ट म्हणजे निरोप. संकटात सगळ्यांना एकाच वेळी कळलं पाहिजे. म्हणून मी व्हॉट्सॅपवर भाऊबंदांचा एक गट काढला. नाशिकचे तर घेतलेच, शिवाय बडोद्याची शाखा, सांगलीची शाखा, बंगळुरात नोकरी करणारी पोरं, ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं तेही शोधून काढले. गर्दीच्या काळात कोण कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही. काका निरोप वाचून उत्तरच द्यायचे नाहीत, तेव्हा मी नियम केला की गटावर काहीही आलं तर प्रत्येकाने लगेच उत्तर द्यायचं, म्हणजे वाचलं हे बाकीच्यांना कळेल. सगळ्यांनी नियम आवडीने पाळला. सकाळी सुविचार आला तरी अकरा जण उत्तर द्यायचे.

पितृपक्ष लागला. भरणी श्राद्धाच्या आदल्या दिवशीची दुपार होती. वर्षभरात माणूस गेलेली घरं या दिवशी श्राद्धाला येतात. तो दिवस एकच, त्यामुळे घाटावर पाय ठेवायला जागा नसते आणि एकही गुरुजी रिकामा सापडत नाही. मी घरी बसून एका कंपनीच्या लोकांना पुराबद्दल घाबरवत होते. फोन थरथरला. बडोद्याच्या शाखेतल्या कुणा मुलाने गटावर लिहिलं होतं की आमचे पणजोबा आज पहाटे गेले. लगेच दादाने हात जोडलेलं चित्र टाकलं. पाठोपाठ नाशिक रोडहून 'भावपूर्ण श्रद्धांजली' आलं. कॅम्पातून 'ॐ शांती' आलं. मीही हात जोडले. त्याच्या पणजोबांना मी आयुष्यात एकदा, एका मुंजीत पाहिलं होतं, ते मला नात समजून दुसऱ्याच नावाने हाक मारत होते. नव्वदी ओलांडून, झोपेत, सुखाने गेले होते. मी पुन्हा पुराकडे वळले, आणि मग एकदम लॅपटॉपच मिटून टाकला.

सुतक.

सात पिढ्यांच्या आतला पुरुष गेला की सगळ्या भाऊबंदांना दहा दिवस सुतक. सुतकात देवपूजा नाही, कुणाला नमस्कार नाही आणि गुरुजीने दुसऱ्याचं धर्मकार्य सांगणं तर नाहीच. मी पूर सांभाळला होता, रस्ते सांभाळले होते, पण तिन्ही माणसं एकाच रक्ताची निवडली होती. पंचवटी, नाशिक रोड, कॅम्प, तिन्ही ठिकाणं बडोद्यातल्या एका बातमीने एकदम बंद पडली.

यातही एक फट असते, आणि ती आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. लांबच्याचं सुतक ऐकल्यापासून लागतं. जोवर कानावर आलं नाही तोवर नाही. बाबांच्या काळात परगावची बातमी यायला वेळ लागायचा आणि आई त्या वेळाला जरा हातभार लावायची. बाबा घाटावर असताना तारवाला आला की ती त्याला आत बसवून चहा करायची, चहानंतर लाडू द्यायची, मुलाबाळांची चौकशी करायची. बाबा सगळं उरकून घरी आले, हातपाय धुऊन बसले, की मग तार फोडायची. याला कुणी लबाडी म्हणत नव्हतं, पाहुणचार म्हणत होतं. आता मी असा गट काढला होता की सगळ्या कुळाला एका मिनिटात कळावं आणि सगळ्या कुळाने एका मिनिटात कबूल करावं.

मी दादाला फोन लावला. "मी तो निरोप काढून टाकते."

"काढ," दादा म्हणाला. "निळ्या खुणाही काढ. मी हात जोडलेत तेही काढ. माझ्या डोक्यातून कसं काढतेस तेवढं सांग."

मी गाडी काढून पंचवटीत गेले. वर जायची सोय नव्हती, कारण वहिनीने गॅलरीतूनच ओरडून सांगितलं की वर येऊन शिवाशिव करू नका, तुम्ही एकट्याच शुद्ध आहात. हे खरं होतं. लग्नानंतर माझं गोत्र बदललं, सासरच्या कुळात सगळे खणखणीत, तेव्हा मला सुतक नव्हतं. दादा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आणि मी खाली पार्किंगमध्ये स्कूटरींच्या मधे उभी, असं आमचं बोलणं झालं. अर्थातच ते सगळ्या इमारतीने ऐकलं.

गावातली बरीचशी कामं दादाने फोनवरून मार्गी लावली होती. कुणी आपल्या घरच्या गुरुजींकडून करून घेणार होते, कुणी सर्वपित्रीला करणार होते. राहिल्या होत्या इंदूरच्या आजी. त्यांचे पती फाल्गुनात गेले. त्या मुलाला घेऊन कधीच निघाल्या होत्या, सकाळी नाशिक रोडला उतरणार होत्या. मुलाची रजा एका दिवसाची. तिथी उद्याची.

"त्यांच्या सासऱ्यांचं आपल्या आजोबांनी केलं," दादा वरून म्हणाला. "यजमान गेले तेव्हा मी आजींना शब्द दिलाय की भरणीला या, मी करतो. आता काय सांगू, एका मेसेजमुळे परत जा?"

"दुसरे कुणी गुरुजी?"

"भरणी आहे! सगळ्यांना विचारून झालं."

"सगळ्यांना?"

दादा दोरीवरचा पंचा सरळ करू लागला. तळमजल्यावरचे आजोबा खुर्ची ओढून बाहेर येऊन बसले होते, त्यांनी मान पलीकडच्या गल्लीकडे वळवली. कारण एक माणूस राहिला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पलीकडच्या गल्लीत एक वयस्कर गुरुजी राहतात. आमच्याच कामातले, पण वेगळ्या कुळातले. गुडघ्यांमुळे त्यांनी घाटावरचं काम बरंच कमी केलं आहे. काही वर्षांपूर्वी खानदेशातून यात्रेकरूंची एक बस आली होती. ते यजमान आमचे की त्यांचे यावरून दादा आणि गुरुजी यांचं भर घाटावर असं भांडण झालं की लोकांनी व्हिडिओ काढले. दोघांनी एकमेकांच्या पणजोबांपर्यंत मजल मारली. तोवर कंटाळलेली बस तिसऱ्याच गुरुजींकडे जाऊन, श्राद्ध उरकून, जेवायला गेली होती. तेव्हापासून अबोला. समोरासमोर आले की दोघेही फोन बघतात.

"त्यांच्याकडे नाही," दादा म्हणाला. "एकदा त्यांच्या हातून पिंड पडले की यजमान त्यांचे. आजी पुढच्या वर्षी त्यांच्याकडे जातील, मग त्यांची मुलं जातील. चार पिढ्यांचं यजमान-घर आहे ते, ताई. मी उचलून देऊ?"

मोठा भाऊ मला ताई म्हणतो तेव्हा तो खरंच घाबरलेला असतो. माझंही डोकं फिरलं होतं, त्याच्यावर, त्या बसवर, आणि सगळ्यात जास्त माझ्या कागदावर. "मग ठेव सांभाळून," मी खालून ओरडले, "आजींना सांग की घर आमचंच आहे, फक्त तुमच्या नवऱ्याचं श्राद्ध तेवढं होणार नाही!"

हे बोलायला नको होतं. वहिनी पुढे आली आणि दादाला हळू आवाजात काहीतरी म्हणाली. दादाने कठड्यावर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाला, "जा. पण ते नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा विचारू नकोस."

तर अशा रीतीने मी गेले. कागदावरची सगळी नावं बंद पडली होती आणि ज्या एका माणसाचं नाव त्यात कुठेच नव्हतं, तेवढं चालू होतं.

गुरुजी पलंगावर पाय लांब करून, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून क्रिकेट बघत होते. काकूंनी मला बसवलं. मी कोण ते सांगायची गरज पडली नाही. गुरुजींनी टीव्हीचा आवाज कमी केला, बंद केला नाही. मी सगळं सांगितलं. बडोदा, गट, नियम, इंदूर. गटावर तिघांनी लगेच उत्तर दिलं इथपर्यंत आले तेव्हा त्यांची ढेरी हलायला लागली. ते हसू दाबत होते, पण ढेरीला ते जमत नव्हतं.

"कॅम्पातला पण?" त्यांनी विचारलं.

"ॐ शांती लिहिलं."

काकू तोंडाला पदर लावून आत गेल्या. गुरुजींनी डोळे पुसले आणि मग एकदम गंभीर झाले. "वाईट झालं. दीर्घायुषी गेले हो, पण घरातलं माणूस ते माणूस." त्यांनी पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "सकाळी माझी दोन कामं आहेत. त्यानंतर बसतो त्यांच्यासाठी. पण याचं मला काहीतरी हवं."

"दक्षिणा त्यांची तुम्हालाच..."

"दक्षिणेचं कोण बोलतंय? उद्या सांगतो. आधी काम होऊ दे." आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी पार्किंगमध्ये जाऊन दादाला हे सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. "बघ! मी म्हटलं नव्हतं? घर मागणार. उद्या सगळ्यांसमोर मागणार आणि तुला हो म्हणावं लागणार." मला खरंच तसं वाटत नव्हतं, पण त्यांना दुसरं काय हवं असेल हेही सुचत नव्हतं. दिवसभर लोकांना मी 'समजा' विचारत असते, आणि त्या संध्याकाळी एकाच 'समजा'ने मला जेवणावरून उठवलं.

सकाळी मी आजींना आणायला नाशिक रोडला गेले. बारीक, ताठ, पांढरं पातळ, हातात शेवेचा डबा. "ही गुरुजींसाठी हं, आमच्या इंदूरची," त्यांनी गाडीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. मी द्वारकेपर्यंत धीर धरला आणि मग खरं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मुलगा म्हणाला, "चालेल ना आई, कोणीही केलं तरी. मंत्र तर तेच आहेत."

"मंत्र तेच आहेत रे," आजी म्हणाल्या, "पण ह्यांनी जायच्या आधी मला सांगितलं होतं, माझं आपल्याच गुरुजींकडे कर, त्यांना आपली माणसं माहीत आहेत." मग त्यांनी शेवेचा डबा मांडीवर नीट धरला. "तुम्हाला काय बोलणार बेटा. सुतक तर कोणालाही येतं. पण गुरुजींचं घर बदललं असं नको व्हायला." मी हो म्हटलं. कशाच्या जिवावर हो म्हटलं ते मलाच ठाऊक नव्हतं.

घाटावर माणसांचा समुद्र होता. गुरुजी काठी टेकत पायऱ्या उतरले. खाली बसताना त्यांना केवढा त्रास होतो ते मी तेव्हा जवळून पाहिलं. पाट मांडले, पिंडांचा भात आला. आणि सुरुवात करायच्या आधी त्यांनी आजींच्या मुलाला खणखणीत आवाजात विचारलं, "तुमचे तीर्थोपाध्याय कोण?"

मुलगा गोंधळला. त्याने आईकडे बघितलं. आजींनी आमच्या घराचं नाव सांगितलं, अगदी हळू, चोरी केल्यासारखं.

"मोठ्याने सांगा. लाजायचं काय त्यात?" गुरुजी म्हणाले. आजींनी पुन्हा सांगितलं. आजूबाजूच्या दोन-तीन गुरुजींनी माना वळवल्या, कारण भांडणाचा व्हिडिओ त्यांनीही पाहिला होता. "हां. त्यांना अशौच आहे. आज मी त्यांच्या जागेवर बसलोय. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धाला त्यांच्याकडेच यायचं. माझ्याकडे आलात तर मी परत पाठवीन." आणि हातात दर्भ घेऊन त्यांनी सुरुवात केली.

माझ्या डोळ्यांना धार लागली. आजी मला म्हणाल्या, "बेटा, तू का रडतेस?" मी धूर गेला म्हटलं. तिथे धूर नव्हता.

मधेच दादाचा फोन आला. तो वर पुलावर उभा राहून सगळं बघत होता. इतक्या लांबून ऐकू काही जात नव्हतं, पण त्याला सूचना द्यायच्याच होत्या. "आजींना खाली बसवत नाही, त्यांना स्टूल लागतं, तुझ्या वहिनीने पाठवलंय, बघ कुठे ठेवलंय. आणि ते काय म्हणाले सुरुवातीला? सगळे का वळले तिकडे?" मी म्हटलं, नंतर सांगते. "घर मागितलं ना?" त्याने विचारलं. मी फोन कट केला.

सगळं यथासांग झालं. पिंडांचं विसर्जन झालं, आजींनी नदीला हात जोडले आणि मुलगा त्यांना धरून वर घेऊन गेला. गुरुजी पायरीवरच बसून राहिले आणि दोन्ही हातांनी गुडघा चोळू लागले. मी त्यांच्या शेजारी बसले.

"आता सांगा," मी म्हटलं. "काय हवंय?"

"तो तुझा कागद. तुझ्या दादासाठी केलास तो. मला पण तसा करून दे."

मला एवढं हलकं वाटलं की मी हसले. "एवढंच? रविवारी येते. पुराचं तुम्हाला माहीतच आहे. तिथ्या आपण..."

"पूरबीर राहू दे. तू लोकांना विचारतेस ना ते विचार मला."

मी इतकी वर्षं हा प्रश्न अनोळखी लोकांना बेधडक विचारत आले आहे. मोठमोठ्या साहेबांना विचारला आहे आणि त्यांची उडालेली तारांबळ मजेत बघितली आहे. त्या पायरीवर मात्र तो तोंडावर विचारणं मला जमेना. शेवटी मी नदीकडे बघत विचारलं, "तुमच्यानंतर कोण?"

"मुलगा टोरांटोला. चांगलं चाललंय त्याचं. त्याला इकडे बोलवायचं पाप मी करणार नाही. भाऊ नाही, पुतण्या नाही." त्यांनी गुडघा चोळायचा थांबवला. "माझी अजून बरीच घरं आहेत. साधी माणसं आहेत, दरवर्षी येतात, विश्वासाने येतात. ती कुणाच्या तरी गळाला लागतील, कोण कुणाला पॅकेज विकेल. मला झोप लागत नाही या विचाराने. तुझ्या दादाचं नाव लिही."

"दादाचं?"

"भांडखोर आहे. पण त्या बसच्या वेळी एवढा घसा ताणून भांडत होता, तरी एक उच्चार चुकला नाही त्याचा. मी तेव्हाच मनात म्हटलं, बाबा रे, हा माझ्याकडे का नाही जन्माला आला." ते काठीवर रेलून उठले. मी हात दिला तो त्यांनी घेतला. "विचार त्याला. नाही म्हणाला तर दुसऱ्यांदा विचारू नकोस."

ते हळूहळू वर गेले. मी पुलाकडे बघितलं. दादा अजून तिथेच कठड्याला टेकून उभा होता, फोन कानाला लावून, मी उचलायची वाट बघत. मी उचलला आणि शब्दाला शब्द सगळं सांगितलं, पुढच्या वर्षी परत पाठवीन म्हणाले तेही, झोप लागत नाही म्हणाले तेही. दादा कठड्यावरून वाकून पायऱ्या चढणाऱ्या गुरुजींकडे बघू लागला.

"त्यांच्या कागदात माझं नाव लिही. आणि आपल्या कागदात त्यांचं टाकलंस?" दादाने शेवटी विचारलं. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

"आज टाकते ना. आपल्या तिघांच्या खाली, चौथं."

"चौथं नको," तो म्हणाला. "पहिलं टाक."